मीटरने दाखवलं नाही म्हणून माणसं खोटी ठरत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखाद्या खेड्यात रात्री कुठूनतरी सतत घूंऽऽ असा आवाज येतोय, काहींना तो ऐकू येतो, काहींना बिलकुल येत नाही, आणि कुठून येतो ते कुणालाच कळत नाही, अशी बातमी पेपरात अधूनमधून असते. तिचा शेवट बहुतेक वेळा ठरलेला, पाहणीसाठी टीम आली, मीटर लावला, आवाज मर्यादेत आढळला, नागरिकांनी घाबरू नये. हे शेवटचं वाक्य वाचलं की मला राहवत नाही, म्हणून हे पत्र. माझी सगळी नोकरी पंखे, पंप आणि कंप्रेसरचं व्हायब्रेशन मोजण्यात गेली आणि त्या जोरावर सांगतो की अशा आवाजाचा शोध बहुतेक वेळा नीट सुरूच होत नाही, मीटर चुकीच्या सेटिंगवर, चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी लावला जातो. मग टीम निघून जाते आणि जिला रात्रभर झोप नाही तिलाच घरचे सांगतात की हे सगळं तुझ्या डोक्यात आहे.

आधी मीटरचं सांगतो, कारण घोडं तिथेच पेंड खातं. आवाज मोजायच्या बऱ्याच मीटरवर ए आणि सी अशी दोन सेटिंग मिळतात. ए वर ठेवला की हळू आवाज माणसाच्या कानाला जसे ऐकू येतात त्या हिशोबाने मीटर खालचे, म्हणजे जाड घुमणारे सूर कापून आकडा दाखवतो, आणि आवाजाचे जवळपास सगळे नियम या ए वरच बांधलेले आहेत. ट्रॅफिक, लाउडस्पीकर, पत्र्याच्या शेडमधला खणखणाट यासाठी ते ठीकच आहे. पण ३१.५ हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा जितका लहान तितका सूर खालचा) ए सेटिंग तब्बल ३९ डेसिबल कापतं, ५० हर्ट्झला ३० आणि १०० हर्ट्झला १९. आता समजा खोलीत ३१.५ हर्ट्झचा ७० डेसिबलचा आवाज आहे. चांगल्या कानाच्या माणसाला हा सूर साधारण ६० डेसिबलपासून ऐकू यायला लागतो, म्हणजे शांत खोलीत ७० चा आवाज त्याला ऐकू येणारच, पण ए वरचा मीटर दाखवणार ३१! आणि ३१ म्हणजे बहुतेक नियमांत शांतताच, तेव्हा आवाज मर्यादेत आढळला हे वाक्य कागदावर खरंच असतं आणि तरीही त्या घरातली माणसं रात्री उठून बसलेली असतात. सी सेटिंग त्याच ३१.५ हर्ट्झला फक्त ३ डेसिबल कापतं. जर्मनीच्या जुन्या डीआयएन ४५६८० या मानकात यावर सरळ उपाय दिला होता, एकाच जागी सी आणि ए दोन्ही मोजा आणि फरक २० डेसिबलपेक्षा जास्त आला तर इथे खालच्या सुराचा मामला आहे असं समजून पुढची तपासणी करा. एक बटण दोनदा दाबायचं काम आहे हे, तेवढं तरी झालंच पाहिजे.

अजून एक गोष्ट, खालच्या सुरात थोडेसे डेसिबल वाढले तरी कानाला ते फार वाटतात. वरच्या सुरात आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, इथे पाच-सहाच पुरतात. म्हणून फक्त चार-पाच डेसिबलचा तर फरक आहे असं म्हणून विषय सोडून देणं बरोबर नाही. शिवाय माणसामाणसाच्या कानात तेवढा फरक असतोच, त्यामुळे एकाला ऐकू येतं आणि शेजारच्याला नाही यात खोटं कुणीच बोलत नसतं.

जागेचंही तेच. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ५० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी जवळपास ७ मीटर झाली. खोली साडेतीन मीटर लांब असेल तर ती अर्धी लाट दोन भिंतींमध्ये अगदी बरोबर बसते, भिंतीजवळ आणि कोपऱ्यात आवाज मोठा होतो आणि खोलीच्या मधोमध जवळपास नाहीसा होतो. आता उशी कुठे असते, भिंतीला लागून. आणि मीटरचा स्टँड कुठे उभा करतात, खोलीच्या मधोमध, नाहीतर थेट अंगणात. एकाच घरात एकाला ऐकू येतं आणि दुसऱ्याला नाही यावरून जी भांडणं होतात त्यातली काही तर नुसती पलंगाची जागा बदलली तर मिटतील. ब्रिटनमध्ये सॅलफर्ड युनिव्हर्सिटीने २००५ मध्ये सरकारसाठी जी पद्धत तयार केली तिच्यात म्हणूनच असं आहे की ज्याची तक्रार आहे त्यालाच विचारा आवाज सगळ्यात जास्त कुठे वाटतो आणि माइक तिथे ठेवा, काही रात्री रेकॉर्डिंग चालू राहू द्या, आणि त्या काळात त्या माणसाने वेळ टाकून वहीत नोंद करायची. नंतर रेकॉर्डिंग आणि वही शेजारी शेजारी ठेवून बघायचं. मला ही पद्धत फार आवडते कारण तिच्यात ऐकणाऱ्या माणसाला संशयित नाही तर साक्षीदार मानलंय.

आणि वेळ. टीम येते सकाळी अकराला, जेव्हा वारा आहे, गाड्या आहेत, माणसांची बोलणी आहेत आणि ऊन तापलंय. रात्री यातलं काहीच नसतं, वरून जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने गरम अशी उलटी रचना झाली की लांबचा आवाज वर निघून जायच्या ऐवजी वाकून परत जमिनीकडे येतो. खालचे सूर हवेत फारसे शोषले जात नाहीत, भिंतीही त्यांना नीट अडवत नाहीत, उलट भिंत बाकीचे बारीक आवाज अडवते आणि हा एकटाच आत उरतो. त्यामुळे घरात ऐकू येतो आणि बाहेर गेलं की थांबतो, तेव्हा आवाज घरातच तयार होत असणार, हा निष्कर्ष घाईचा आहे. खेड्याची शांतताच इथे खेड्याच्या विरोधात जाते, शहरात हाच आवाज गर्दीत बुडून जाईल, इथे काही किलोमीटरवरचा मोठा पंखासुद्धा स्पष्ट कळतो.

हे सगळं नुसतं पुस्तकी नाही, जगात असे शोध लागलेले आहेत. अमेरिकेत इंडियाना राज्यात कोकोमो नावाचं गाव आहे, तिथले लोक १९९९ च्या सुमारापासून घुमणाऱ्या आवाजाची तक्रार करत होते. शेवटी नगरपालिकेने ध्वनितज्ज्ञ नेमले आणि २००३ मध्ये दोन सूर पकडले गेले, एक ३६ हर्ट्झचा, तो एका कारखान्याच्या कूलिंग टॉवरच्या पंख्यांचा, आणि दुसरा १० हर्ट्झचा, दुसऱ्या कारखान्याच्या एअर कंप्रेसरच्या हवा ओढणाऱ्या तोंडाचा. दोन्हीकडे दुरुस्ती झाली. काही लोकांना आराम पडला, काहींची तक्रार मात्र राहिली, आणि हेही सांगितलंच पाहिजे. कॅनडातल्या विंडसरचं उदाहरण तर मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. २०११ पासून तिथले लोक म्हणत होते की खिडक्या थरथरतात, लांबून ट्रक चालू ठेवल्यासारखं वाटतं. सरकारच्या पैशातून अभ्यास झाला, त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला आणि त्यात स्पष्ट होतं की आवाज खरा आहे, साधारण ३५ हर्ट्झचा आहे आणि नदीपलीकडच्या, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीतल्या झग आयलंडवरच्या पोलाद कारखान्याकडून येत असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. नदीच्या मधून देशाची सीमा जाते, त्यामुळे कारवाई कुणी करायची यातच वर्षं गेली. २०२० मध्ये तिथल्या भट्ट्या बंद झाल्या आणि आवाजही थांबला. इतकी वर्षं ज्यांना वेडं समजलं गेलं असेल त्यांचं काय झालं असेल याचा मी नेहमी विचार करतो.

दुसरी बाजूही लिहितो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या ताओसमध्ये १९९३ मध्ये मोठा शोध झाला, तिथल्या युनिव्हर्सिटीचे आणि सँडिया, लॉस अलामोससारख्या राष्ट्रीय प्रयोगशाळांचे लोक त्यात होते, साधी गोष्ट नव्हती. सर्व्हेमध्ये साधारण २ टक्के लोकांना आवाज ऐकू येतो असं निघालं. त्यांना वेगवेगळे सूर वाजवून दाखवले आणि तुमचा आवाज यातला कोणता ते निवडा म्हणून सांगितलं तर त्यांनी ३२ ते ८० हर्ट्झच्या मधले सूर निवडले, पण प्रत्येकाचा सूर वेगळा. आणि त्याच्याशी जुळणारा कुठलाही आवाज यंत्रांना बाहेर सापडला नाही. दोन माणसं एकाच जागी बसून वेगवेगळे सूर ऐकत असतील तर उगम बहुतेक कानातच असणार, कारण बाहेरचा सूर सगळ्यांसाठी एकच असतो. केंब्रिजचे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, डेव्हिड बॅग्युली यांचा अंदाज होता की अशा तक्रारींपैकी साधारण एक तृतीयांश प्रकरणांत बाहेरचं काहीतरी कारण सापडतं, बाकीच्यांत कान आणि मेंदू हलक्या आवाजावर इतके लक्ष लावून बसतात की तो मोठा होत जातो. म्हणजे त्या माणसाचा त्रास खोटा का, मुळीच नाही, त्याला झोप लागत नाही हे तितकंच खरं, फक्त मदत कारखान्याकडे न मागता कानाच्या डॉक्टरकडे मागायची. पण हे चांगल्या मोजणीनंतर सांगायचं असतं. मोजणीच्या ऐवजी नाही.

कुणाला स्वतः शोध सुरू करायचा असेल तर पहिलं काम घराचा मेन स्विच बंद करायचा, इन्व्हर्टर असेल तर तोही. फ्रिज, टाकीची मोटर, भिंतीला चिकटलेला एखादा पाइप, यातलंच काही निघालं तर तिथेच प्रश्न संपतो, आणि हे खूपदा होतं. नाही संपला तर वही. तारीख, वेळ, आवाज सुरू कधी थांबला कधी, वारा कुठून, घरात की बाहेर, सलग घुमतो की थांबून थांबून. ज्यांना ऐकू येतं त्या सगळ्यांनी आपापली वही वेगळी ठेवायची आणि एकमेकांना दाखवायची नाही, नाहीतर एकाचं बघून दुसऱ्याला ऐकू यायला लागतं, हा माणसाचा स्वभावच आहे. मग रात्री गाडी घेऊन गावाबाहेर जायचं, दर काही अंतरावर इंजिन बंद करून ऐकायचं आणि नकाशावर खुणा करायच्या. कानाने दिशा शोधायच्या नादाला मात्र लागू नका, लाट डोक्याच्या कितीतरी पट मोठी असते, त्यामुळे डावीकडून येतोय की उजवीकडून हे कानांना नीट कळतच नाही. आवाज कुठे संपतो ते शोधा, कुठून येतो ते आपोआप कळायला लागेल. आणि काही किलोमीटर लांब, नातेवाईकांकडे, दुसऱ्या जिल्ह्यात, सगळीकडे तोच आवाज तुमच्याबरोबर येत असेल तर कान तपासून घ्या.

मोबाइलवरच्या ॲपचा आकडा धरू नका, मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालचे सूर तो धड पकडत नाही. खालपर्यंत ऐकणारा चांगला माइक, त्यावर वाऱ्यासाठी जाड फोमचं कव्हर, आणि लांबलचक रेकॉर्डिंग. लांबलचक का ते सांगतो, कारण खरी मजा इथेच आहे. १० सेकंदांच्या रेकॉर्डिंगमधून तुम्हाला सूर ०.१ हर्ट्झपर्यंत अलग करता येतो, १०० सेकंदांच्या रेकॉर्डिंगमधून ०.०१ पर्यंत. आणि प्रत्येक मशीनची सही वेगळी असते. पंख्याचा सूर म्हणजे सेकंदाचे फेरे गुणिले पाती, मिनिटाला ३६० फेरे आणि ६ पाती असतील तर ३६ हर्ट्झ. १५०० आरपीएमवर चालणारं चार सिलिंडरचं डिझेल जनरेटर ५० हर्ट्झ देतं, सहा सिलिंडरचं ७५. ५० हर्ट्झच्या विजेवरचा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झला गुणगुणतो कारण त्याचा गाभा एका चक्रात दोनदा ताणला जातो. मोटरचा वेग लोडप्रमाणे थोडा घसरतो, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन सारख्या मोटरींचे सूरही तंतोतंत एक नसतात, आणि दोन पंखे अर्ध्या हर्ट्झच्या फरकाने चालले तर दर दोन सेकंदांनी आवाज चढतो आणि उतरतो, ज्याला लोक धडधड किंवा श्वास घेतल्यासारखा आवाज म्हणतात. तेव्हा घरातल्या रेकॉर्डिंगचा आलेख काढल्यावर त्यात सापडलेली सुराची रेघ आणि संशयित मशीनवर लावलेल्या व्हायब्रेशन सेन्सरची रेघ एकच निघाली, दोन्ही एकाच वेळी सरकली, तर शंकेला जागा उरत नाही.

मशीनच असेल असंही नाही हां. सांडव्यावरून किंवा बंधाऱ्यावरून पाण्याची पातळ अखंड चादर पडते तेव्हा मागे हवा कोंडते आणि ती सगळी चादर थरथरायला लागते, त्याचा घुमणारा आवाज लांबवर जातो, आणि तो ठराविक पाणीपातळीलाच होतो म्हणून काही दिवस येतो आणि गायब होतो. उपाय फार सोपा, माथ्यावर ठराविक अंतरावर पाणी फोडणारे अडथळे बसवायचे. कॅलिफोर्नियात सॉसलिटोला १९८० च्या दशकात हाऊसबोटींमधल्या लोकांची झोप उडवणारा आवाज शेवटी मिडशिपमन नावाच्या माशाचा निघाला, मादीला बोलवायला नर रात्रभर गुणगुणत होते! पोकळ खांब, उघड्या तोंडाचा पाइप, यांच्यावरून वारा गेला तरी सूर निघतो.

जमिनीतून एकदम धडाम असा आवाज आणि भांडी वाजणं, हा मात्र वेगळा विषय आहे आणि बातम्यांमध्ये दोन्ही एकत्र केले जातात म्हणून मुद्दाम लिहितो. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या मूडसला शेकडो वर्षं असे धडाम आवाज येत होते, तिथे सिस्मोमीटर, म्हणजे जमिनीचे हादरे मोजणारं यंत्र, लावल्यावर ते अगदी उथळ आणि बारीक भूकंपांचे निघाले. तिथे सिस्मोमीटर लागतो, साउंड मीटर नाही, आणि भूकंपवाल्यांना लगेच कळवलं पाहिजे. पण तासन्तास चालणारं घुमणं भूकंपाचं नसतं. २०१५ मध्ये समुद्राच्या लाटांमुळे पृथ्वी गुणगुणते अशा बातम्या आल्या होत्या आणि गूढ आवाजाचं कोडं सुटलं म्हणून फिरल्या, पण त्या कंपनाचा एक हेलकावा १३ ते ३०० सेकंदांचा आहे, माणसाच्या कानाच्या कितीतरी खाली, त्याचा या आवाजाशी काही संबंध नाही.

शेवटचा निकाल लागतो तो एका साध्या प्रयोगाने, आणि तो मला सगळ्यात न्याय्य वाटतो. संशय असलेला पंखा किंवा कंप्रेसर काही रात्री ठरवून बंद ठेवायचा, कोणत्या रात्री ते ऐकणाऱ्यांना सांगायचं नाही, आणि नंतर वह्या उघडायच्या. बंद होता त्या रात्री वह्यांमध्येही शांतता असेल तर मालकाने कबूल करावं, नसेल तर गावाने दुसरीकडे शोधावं. दोन्ही बाजूंना यात बोलायला जागा राहत नाही. मालकांना एक सांगावंसं वाटतं, पंख्याचं बॅलन्सिंग करणं, वेग थोडा बदलणं, मशीनखाली स्प्रिंग किंवा रबराचे माउंट देणं, कंप्रेसरच्या तोंडाला सायलेन्सर लावणं, यातली बरीच कामं मेंटेनन्सची आहेत, त्यासाठी कारखाना बंद करायची कुणाची मागणी नसते.

संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं एवढंच. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या एका पेपरने वाचकांना विचारलं होतं की तुम्हाला हा घुमणारा आवाज ऐकू येतो का, तर सुमारे ८०० पत्रं आली. म्हणजे ८०० माणसं आपण एकटेच आहोत असं समजून गप्प होती. तुम्ही अशी बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली एक छोटी चौकट द्या, त्यात वहीचे रकाने छापा, तारीख, वेळ, जागा, घरात की बाहेर, वारा, आवाजाचा प्रकार, आणि लोकांना त्या नोंदी पेपरकडे पाठवायला सांगा, नाव गाव छापणार नाही असा शब्द देऊन. आणि तुमचा वार्ताहर पाहणीच्या टीमला भेटला की त्याने तीन प्रश्न विचारावेत, मीटर ए वर होता की सी वर, माइक खोलीत कुठे ठेवला होता, आणि रेकॉर्डिंग रात्री किती वाजता केलं. उत्तरं जशी मिळतील तशी बातमीत छापा, मिळाली नाहीत तर मिळाली नाहीत असं छापा.

पत्र लांबलंय, जागेनुसार कापायला हरकत नाही, फक्त ए आणि सी चा भाग ठेवा ही विनंती.

कळावे,
आपला एक नियमित वाचक